ग्लासवरचा कोंबडा

आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या मावशींचे हात मी कधी स्वस्थ पाहिले नाहीत. आमच्याकडे चहाला आल्या तरी कप रिकामा होताच त्या उठतात आणि मी "अहो मावशी, राहू द्या" म्हणेपर्यंत कप धुऊन ओट्यावर पालथा पडलेला असतो. पाहुण्यांना काम करायला लावते असं कोणी म्हणेल या धास्तीने मी पूर्वी त्यांच्या मागोमाग धावायचे. आता सोडून दिलंय. ज्या बाईने उभं आयुष्य ग्लास धुण्यात काढलं, तिच्या हातून उष्टा कप कोण सोडवणार?

मावशी एका बारमध्ये ग्लास धुवायच्या. त्या हे कुणालाही बेधडक सांगतात. "बारमध्ये होते," म्हणतात, समोरच्याच्या भुवया पुरेशा वर जाऊ देतात आणि मग सावकाश म्हणतात, "मागच्या बाजूला. पुढची बाजू मी पाहिलीच नाही."

ते खरंच आहे. मागे एक अरुंद खोली, दोन खोल सिंक, आणि भिंतीत एक चौकोनी खिडकी. त्या खिडकीतून उष्टे ग्लास आत यायचे आणि धुतलेले ग्लास बाहेर जायचे. पलीकडून हसण्याचे, वादावादीचे, खुर्च्या सरकवल्याचे आवाज यायचे. पण आवाजांना तोंडं नव्हती. दिसायचे ते वेटरचे हात, कोपरापर्यंत. मावशींनी बियरचा थेंब कधी चाखला नाही, पण फेस वाळला की ग्लासाला कसा धरून बसतो, लिपस्टिक कशाने निघते, कोणाचं भांडण झालं की तळाशी अर्धी बियर तशीच राहते, हे त्यांना सगळं ठाऊक होतं.

ग्लास बियरच्या कंपनीने दिलेले असायचे. जाड बुडाचे, हातात घेतले की वजन जाणवणारे. प्रत्येकावर एक लाल कोंबडा, डोक्यावर मुकुट, आणि त्याच्या पायाखाली सोनेरी अक्षरांत कंपनीचं नाव. कंपनीचा माणूस मधूनमधून येऊन ग्लास तपासायचा. कोंबडा फिका पडलेला दिसला की मालकाला बोलायचा, आणि मालक मावशींना. त्यामुळे मावशींच्या हाताला एक शिस्त लागली. छाप्याच्या बाजूला फक्त तळहात आणि फेस. घासणी लागणार ती कोऱ्या बाजूलाच. "बघायलाही लागायचं नाही ताई," त्या मला सांगायच्या. "छापा जरासा वर आलेला असतो. अंगठ्याला तो लागला की हात आपोआप ग्लास फिरवतो."

मग मालक थकला. मुलाकडे राहायला जायचं म्हणून त्याने बार बंद केला आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांना म्हणाला, ज्याला जे हवं ते न्या. स्वयंपाक्याने शेगडी नेली. वेटरने भिंतीवरचा भला मोठा टीव्ही नेला. गल्ल्यावर बसणाऱ्याने आपली फिरती खुर्चीच उचलली. मावशींनी ग्लास घेतले.

मावशींचे यजमान, म्हणजे आमचे काका, शिंपी आहेत. नजर थोडी अधू झाली तेव्हा दुकान बंद करून त्यांनी मशीन घरातच मांडलं. जीभ मात्र अजून दुकानातलीच आहे. रिक्षातून खोकी उतरताना पाहून ते जिन्यातच म्हणाले, "टीव्ही वेटरने नेला?"

"हो."

"शेगडी स्वयंपाक्याने?"

"हो ना."

"आणि तू गृहपाठ घरी घेऊन आलीस."

मी जिन्यात उभी होते. हसू दाबायचा प्रयत्न केला, पण मावशीच हसत सुटल्या. मग एक खोकं जिन्याच्या पायरीवर टेकवून त्या काकांकडे वळल्या. म्हणाल्या, "माझ्याकडे जन्मभर रिकामा ग्लास आला हो. भरलेला ग्लास कुणाच्या हातात दिलाय आणि तो पिताना त्याचं तोंड पाहिलंय, असं कधी झालंच नाही. एकदा तेवढं करायचंय. ह्याच ग्लासांनी."

आता हे ऐकून माणूस काय करणार? मी वाचनालयाचं नाव काढलं.

आमच्या रस्त्याच्या टोकाला जुनं वाचनालय आहे. मी तिथली सभासद. वाचनालयाच्या व्हरांड्यात एक कोपरा आहे, दगडी कट्टा आणि नळ असलेला. पूर्वी तिथे एक चहावाला बसायचा, तो सोडून गेल्यापासून कोपरा रिकामाच होता. उन्हाच्या वेळी वाचक घशाला कोरड पडली की उठून घरी जातात आणि परत येत नाहीत, अशी ग्रंथपालबाईंची तक्रार. मी मावशींना घेऊन वाचनालयाच्या सेक्रेटरींकडे गेले. हे सेक्रेटरी म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. शाळा सुटली, पण छडी अजून आवाजात आहे. सगळे त्यांना सरच म्हणतात.

लिंबाचं सरबत आणि फळांचे रस, एवढाच बेत सरांना पसंत पडला. कागदी कप चालणार नाहीत, कचरा होतो, असं म्हणाले. मावशी म्हणाल्या, "ग्लास आहेत ना माझ्याकडे," आणि पिशवीतून एक काढून कौतुकाने टेबलावर ठेवला. कोंबडा सरांकडे तोंड करून. मी डोळे मिटून घेतले.

सरांनी ग्लास पाहिला. चष्मा काढून परत पाहिला.

"इथे शाळेतली मुलं येतात," ते म्हणाले. "दारूच्या जाहिरातीतून मी त्यांना सरबत पाजू?"

"सर, आम्ही नवे ग्लास..." मी सुरुवात केली.

"पुसून आणते," मावशी मध्येच म्हणाल्या.

"रविवारी सकाळी सभासदांची बैठक आहे. तोवर आणा. ग्लासावर जाहिरात दिसली नाही तर कोपरा तुमचा. दिसली तर मग मी त्या मशीनवाल्याला होकार देतो. बाटल्यांचं मशीन. बटण दाबलं की बाटली पडते. ते रोज फोन करून डोकं खातंय."

"मशीन?" ग्रंथपालबाई पुटपुटल्या. "मशीन फोन करतं?"

"मशीनवाला हो!"

घरी येताना मी मावशींना परत समजावलं की नवे साधे ग्लास घेऊ, त्यात काय एवढं. त्या चालता चालता थांबल्या. "ताई, नव्या ग्लासात कोणीही सरबत देईल. माझी ओळख ह्यांच्याशी आहे." त्यांनी हट्ट केलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

आमची मुलगी कॉलेजात रसायनशास्त्र शिकते. घरात तिला चिमणी म्हणतात, पण आवाज चिमणीचा नाही. बातमी ऐकताच ती जिना उतरून धडधडत खाली गेली आणि तिच्या मागोमाग मी. काच, रसायनं आणि माझी मुलगी एका खोलीत असताना मी वर शांत बसावं ही अपेक्षाच चूक आहे. मी जाताना रबरी हातमोजे घेतले, खिडक्या उघडायला सांगितल्या आणि फुटलेल्या काचेसाठी जाड पुठ्ठ्याचं खोकं दारात ठेवलं.

"आई, आपण ग्लास पुसतोय. बॉम्ब निकामी करत नाही," चिमणी म्हणाली.

"हातमोजे घाल."

सोनेरी अक्षरं निघायला फार सोपी निघाली. चिमणीने नेलपॉलिश काढायचं औषध आणलं होतं, ते चोळून काही झालं नाही. मग काकांनी कापडावरच्या खुणा पुसायचा आपला कडक खोडरबर उचलून सहज घासून पाहिला, तर सोनं चक्क रबराच्या काळ्या भुग्यात उतरलं. कंपनीचं नाव अक्षराअक्षराने गेलं. काका इतके खूश झाले की त्यांनी बाकीच्या खोक्यांतल्या ग्लासांची नावं एकट्याने खोडायला घेतली आणि प्रत्येक ग्लासागणिक "आणखी एक बेनाम!" अशी आरोळी ठोकत राहिले.

कोंबडा मात्र हलायला तयार नव्हता. औषधाने नाही, रबराने नाही, तेलाने नाही. दात घासायची पेस्ट चोळून त्याच्या मुकुटाला उलट चकाकी आली.

"हा रंग वर लावलेला नाहीये," चिमणी भिंग लावून म्हणाली. "काचेची पूड घातलेला रंग आहे. छापून मग भट्टीत भाजलाय. म्हणजे आता तो काचच झालाय."

"म्हणजे कोंबडा भाजलेला आहे," काका म्हणाले, "तरी मरत नाही."

मग कोणी तरी म्हणालं सोडा घालून उकळा. ते कोणी तरी म्हणजे मीच होते, पण पातेलं जुनं घ्या, त्यात पुन्हा काही शिजवू नका, हेही मीच म्हणाले होते. उकळताना एक ग्लास टक् करून उभा चिरला. मावशींनी तो अलगद बाहेर काढला, पुसला, नीट पाहिला आणि माझ्या खोक्यात ठेवला. मग गॅस त्यांनीच बंद केला.

"आता माझी पाळी," म्हणाल्या. "घासून घालवते. सगळी जिंदगी घासलंय, एक कोंबडा काय लागून गेला!"

त्यांनी पदर खोचला, तारेची घासणी घेतली आणि सिंकपाशी उभ्या राहिल्या. काय त्यांचा हात चालत होता! फेसातून ग्लास नुसता गरगर फिरत होता. आम्ही तिघं मागे उभे राहून पाहत होतो. कपाळाला घाम येईपर्यंत त्यांनी घासलं, मग नळाखाली धरून ग्लास उजेडात उचलला. कोंबडा जसाच्या तसा. लाल, टवटवीत, अंघोळ करून आल्यासारखा. त्याच्या पाठची कोरी बाजू मात्र घासून घासून धुरकट झाली होती.

चिमणीच्या ते आधी लक्षात आलं. "आजी, तुम्ही उलट्या बाजूने घासताय."

"चल, काहीतरीच."

"खरंच. परत घासा बरं."

मावशींनी परत घासलं, आणि या वेळी आम्ही सगळे त्यांच्या अंगठ्याकडे पाहत होतो. अंगठा छाप्यावर टेकला मात्र, मनगटाने ग्लास फिरवला आणि घासणी कोऱ्या बाजूवर जाऊन पडली. मावशींनी स्वतःच्या हाताकडे असं पाहिलं, जणू तो शेजारच्या बाईचा आहे. पुन्हा केलं. पुन्हा तेच. डोळे मिटून केलं. तेच. चिडून त्यांनी डाव्या हातात घासणी घेतली, तर डावा हातही उजव्याच्याच शाळेत शिकलेला निघाला.

"अहो, हे ऐकतच नाहीत माझं!" त्या काकांना म्हणाल्या.

"मग आता कळलं ना मला कसं वाटतं ते," काका म्हणाले.

हसून हसून मावशींना स्टुलावर बसावं लागलं. पण हसणं ओसरल्यावर त्यांचा चेहरा पडला. रविवार जवळ येत होता. काकांनाही ते दिसलं असणार, कारण थोड्या वेळाने ते मशीनवरून उठून आले आणि त्यांच्या हातात निळ्या कापडाची एक इवलीशी नळी होती, तळाला इलॅस्टिक घातलेली. त्यांनी ती ग्लासाला चढवली. कोंबडा झाकला गेला. मी मनात म्हटलं, वा, हे तर छानच.

मावशी म्हणाल्या, "ग्लासांना झबली घालणार?"

"वाईट दिसतंय का? लेससुद्धा लावून देतो."

"आणि सरांनी झबलं वर करून पाहिलं तर?"

"सर तसले नाहीत," काका गंभीरपणे म्हणाले.

झबलं रद्द झालं. मावशींना कोंबडा झाकायचा नव्हता, घालवायचा होता. "लपवणं मला जमत नाही. गिऱ्हाइकाने विचारलं तर मी लगेच सांगून टाकेन."

शेवटी वाट सापडली ती त्यांच्या एका जुन्या गाऱ्हाण्यातून. मी चहा करून आणला होता. मावशी मालकाच्या गोष्टी सांगत होत्या. एकदा बारला सलग सुट्टी होती आणि नव्या वेटरने काही ग्लास लिंबाच्या फोडींसकट एका टबात टाकून दिले, वर कुठल्याशा लोणच्याच्या बाटलीतलं आंबट पाणीही ओतलं आणि निघून गेला. परत येऊन पाहतात तर कोंबडे पांढरे फटक, नखाने टवके निघतायत. "आणि बोलणी कोणी खाल्ली? मी! तेव्हापासून मी ग्लासात लिंबाची फोड दिसली की आधी ती काढायचे. आंबट आणि छापा यांचं वैर आहे, ताई."

चिमणीचा कप अर्ध्यातच थांबला. "आजी. तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं?"

"कुणाला माहीत नसणार? सगळ्या नव्या पोरांना मी हेच बजावायचे."

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

मावशी गोंधळल्या. "अगं, ती चूक होती. चूक कशी करायची ते कोणी सांगतं का?"

मग चिमणीने त्यांना मिठीच मारली, चहासकट, आणि मी "अगं गरम आहे, गरम आहे" करत राहिले.

व्हिनेगर आणलं. आमच्या बाल्कनीतली फुटक्या कडीची बादली काढली, कारण त्या बादलीने पुन्हा कधी पिण्याचं पाणी भरायचं नाही हे मी ठरवलं. असल्या जुन्या रंगांत शिसं असू शकतं असं चिमणी म्हणाली आणि म्हटल्याचा तिला लगेच पश्चात्ताप झाला, कारण मी सगळ्यांना पुन्हा हातमोजे घालायला लावले, नाका-तोंडाला फडकी बांधली आणि सुकं खरवडायचं नाही, ओलंच खरवडायचं असा हुकूम काढला. काका म्हणाले, "ताई, आपण बँक लुटायला निघालोय असं दिसतंय." पण फडकं त्यांनी काढलं नाही.

ग्लास बुडवून ठेवले. बाहेर काढले तेव्हा कोंबड्यांचा लाल रंग जाऊन ते दुधाळ झाले होते. काकांकडे शिवण उसवायची पाती आहेत, ती आडवी धरून ते ओला रंग सालासारखा सोलून काढायचे. चिमणी मऊ घासणीने उरलंसुरलं घासायची. मी काचेचा कण कुठे पडला तर नाही ना म्हणून जमीन पुसत हिंडत होते. मावशी धुऊन पुसून ठेवत होत्या. एकेक ग्लास स्वच्छ, पारदर्शक होऊन फडक्यावर पालथा पडत होता आणि काका दर वेळी "उडाला!" म्हणत होते.

शेवटचा ग्लास राहिला तेव्हा मावशी म्हणाल्या, "हा मी करणार."

"तुझे हात ऐकायचे नाहीत."

"म्हणून तर म्हणतेय. तुम्ही धरा."

काकांनी ग्लास दोन्ही हातांनी घट्ट धरला, मांडीवर, छापा वर करून. मावशींनी पातं घेतलं. अंगठा टेकला आणि मनगटाने फिरायचा प्रयत्न केलाच, पण ग्लास काकांच्या मुठीत होता. हलला नाही. मावशींनी हळूहळू मुकुट काढला, मग तुरा, मग चोच. चेहऱ्यावर असे भाव होते जणू कुणाच्या तरी पाठीमागे काहीतरी करतायत.

"लग्न झाल्यापासून," काका म्हणाले, "माझ्या हातातली गोष्ट तू पहिल्यांदाच जिथल्या तिथे राहू दिलीस."

"हलू नका हो!"

रविवारी सकाळी आम्ही सगळेच वाचनालयात गेलो. मावशींनी इस्त्रीची साडी नेसली होती. दगडी कट्ट्यावर काकांनी शिवलेलं पांढरं कापड, त्यावर ग्लासांच्या रांगा, बाजूला बर्फाचा डबा आणि सरबताचं भांडं. उन्हात ते ग्लास असे चमकत होते की ग्रंथपालबाई पुस्तकं सोडून येऊन पाहून गेल्या. सर आले. त्यांनी एक ग्लास उचलला, उजेडात धरला, फिरवला, दुसरा उचलला. तिसराही.

"काहीच दिसत नाही," ते म्हणाले, आणि मला वाटलं त्यांना जरा निराशाच झाली. "शाब्बास."

"घ्या ना सर, पहिला ग्लास तुम्हीच घ्या," मावशी म्हणाल्या. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो क्षण आला होता. त्यांनी बर्फ घातला, सरबत ओतलं आणि भरलेला ग्लास सरांच्या हातात दिला. आणि तोंडाकडे पाहत उभ्या राहिल्या.

सरांनी ग्लास ओठांकडे नेला आणि मध्येच थांबवला.

बर्फाने काचेवर बाहेरून दव धरलं होतं. सगळा ग्लास धुरकट झाला होता, फक्त एके ठिकाणी धुरकटपणा वेगळा होता. जरा दाट. तिथे, पांढऱ्यात पांढरा, एक कोंबडा उभा होता. तुरा, मुकुट, शेपटी, सगळं. रंग गेला होता, पण भट्टीने काचेत जी जागा चावून ठेवली होती ती तशीच होती.

चिमणीने माझा हात धरला. काका छताकडे पाहू लागले.

"हे काय आहे?" सरांनी विचारलं.

मग ते मागे वळले. "बाई, हा कोणता पक्षी आहे?" त्यांनी ग्रंथपालबाईंना विचारलं.

"मला कसं माहीत असणार, सर?" त्या दिवशी टेबलापाशीच असलेल्या बाई भोळा चेहरा करून म्हणाल्या. "मी तर असलं काही कधी पाहिलेलं नाही. तुम्ही ओळखता का?"

सर खोकले. त्या घटकेला माझ्या लक्षात आलं की ते चांगलेच अडचणीत आहेत. टेबलावर एकदाच पाहिलेला कोंबडा नुसत्या दवात लगेच ओळखला म्हणायचं, तर तो आधी किती वेळा पाहिला तेही कोणीतरी विचारणार. ते गप्प राहिले असते आणि आम्हीही राहिलो असतो, आणि सगळं सुरळीत पार पडलं असतं. पण मावशी आमच्यातल्या नव्हत्या.

"सर, तो कोंबडाच आहे," त्या म्हणाल्या. "बियरवाल्यांचाच. आम्ही खूप प्रयत्न केला. रंग गेला, खूण राहिली. गार ओतल्यावर दिसते हे आत्ताच कळलं, आधी कळलं असतं तर आधी सांगितलं असतं."

काकांनी डोळे मिटले.

सर ग्लासाकडे पाहत राहिले. मग त्यांच्यातला मुख्याध्यापक जागा झाला. "अट काय होती? जाहिरात दिसता कामा नये. बरोबर? आता जाहिरात म्हणजे जी लोकांना ओळखू येते ती. तुम्ही सांगितल्यामुळे मला ओळखू आली." शेवटचं वाक्य त्यांनी जरा मोठ्याने म्हटलं. "तेव्हा ज्यांना सांगितलेलं नाही अशा सभासदांना विचारू. एकाने जरी ओळखलं, तर मशीन."

त्यांनी आत आवाज दिला. पहिला आला तो रोजचा एक वकील. मावशींनी दुसरा ग्लास भरून दिला. वकिलाने सगळ्या बाजूंनी पाहिलं. "किटली," तो म्हणाला. "ही चोच, म्हणजे तोटी. किटलीच." आणि घटाघटा पिऊन, "लिंबू मस्त आहे हो," म्हणत आत गेला.

मग एक शाळकरी मुलगी आली, हातात गोष्टींचं पुस्तक. तिने ग्लास डोळ्यांजवळ नेला. "मोर! ना? मोरच आहे. आणि त्याला टोपी घातलीय!" ती पिताना मावशी इतक्या वाकल्या होत्या की मुलीने विचारलं, "आजी, तुम्हालाही हवंय का?"

"नको गं राणी. तू पी. गोड आहे ना?"

"खूप!"

मावशींनी पदराचं टोक डोळ्याला लावलं आणि लगेच धूळ गेल्यासारखं केलं.

शेवटी पेपरवाले आजोबा आले. हे रोज उघडायच्या वेळी येतात आणि बंद व्हायच्या वेळी जातात, त्यांच्यापुढे एकच वर्तमानपत्र असतं आणि ते कोणाला मिळत नाही. आजोबांनी ग्लास हातात घेतला आणि पहिल्यांदा हातातच त्याचं वजन जोखलं. मग अंगठ्याने दव थोडंसं पुसलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर एक हसू उमटलं, जुन्या मित्राला रस्त्यात पाहिल्यावर उमटतं तसं. ह्यांनी ओळखलंय. ह्यांनी नक्की ओळखलंय.

"आजोबा, काय आहे ते?" सर म्हणाले.

आजोबांनी एक घोट घेतला. मावशींकडे पाहिलं. मशीनवाल्याच्या चकचकीत जाहिरातीचा कागद सूचनाफलकावर लावलेला होता, तिकडे पाहिलं. मग सरांकडे.

"मास्तर, माझी नजर आता पहिल्यासारखी राहिली नाही," ते म्हणाले. "एका ग्लासात नक्की सांगता येणार नाही. आणखी एक द्या, मग बघू."

मावशींनी दुसरा भरला. आजोबांनी तो संपवला आणि मान हलवली. "छे. अजूनही कळत नाही. उद्या परत येऊन पाहावं लागेल."

चिमणी तोंडावर हात दाबून खांबामागे गेली. काका जोरजोरात खोकू लागले. सरांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं, सगळा वर्ग मस्ती करतोय आणि कोणाला बाहेर काढावं ते कळत नाही अशा नजरेने. मग त्यांनी सूचनाफलकावरचा तो कागद काढला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला. स्वतःचा ग्लास, जो इतका वेळ हातातच होता, तोंडाला लावला आणि न थांबता रिकामा केला.

"मावशी," ते म्हणाले, "उद्यापासून बसा. आणि माझ्यात साखर कमी."